जाणत्या ग्राहकाचे मौन

“ओरिजिनल जर्मन मेंडोलिन. १९६० सालचे. दुर्मिळ पीस. आवाज एकदम कडक. शौकिनांनीच फोन करावा, टाइमपास नको.”

अशा जाहिराती मी गेली दोन वर्षे वाचते आहे. शाळेच्या वह्या तपासून झाल्या, जेवणे आटोपली, की मोबाइलवर जुन्या वस्तूंचा बाजार उघडायचा आणि ‘मेंडोलिन’ हा शब्द टाकायचा. मी तुर्भ्यात राहते, उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. वाक्य तपासणे हा माझा पेशा आहे. या जाहिरातींतल्या वाक्यांना बहुधा कर्ताच नसतो. ‘जर्मन आहे असे समजते’, ‘फार जुने असल्याचे सांगतात’. कोणाला समजते? कोण सांगतो? मुलांच्या निबंधात असे वाक्य आले तर मी लाल रेघ ओढते. इथे मात्र त्या वाक्यावर भाव ठरतो.

विकणाऱ्याने खरे बोलावे याबद्दल कोणाचेच दुमत नाही. बाजारात रोज खोटे बोलणारासुद्धा तत्त्व म्हणून ते मान्य करतो. मला पडलेला प्रश्न दुसऱ्या बाजूचा आहे. वस्तूचे मोल घेणाऱ्याला ठाऊक आहे आणि विकणाऱ्याला नाही, अशा वेळी घेणाऱ्याने गप्प राहणे ही लबाडी आहे की हुशारी? हा प्रश्न पुस्तकातून आलेला नाही. आमच्या घरात तो दोनदा आला, एकदा विकणाऱ्याच्या बाजूने आणि एकदा घेणाऱ्याच्या.

अब्बा मूळचे मिरजेचे. मिरजेत शिकलगार घराण्यांनी तलवारींना धार लावायचे काम सोडून एकोणिसाव्या शतकात सतारी आणि तंबोरे घडवायला घेतले. फरीदसाहेब सतारमेकर हे त्यांतले आद्य नाव मानले जाते. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. अब्बांचे घराणे वाद्यकारांचे नाही, पण त्यांचे लहानपण त्या गल्लीच्या तोंडाशी गेले. भोपळा वाजवून तो पिकला की नाही हे कारागीर कसा ओळखतो, ते त्यांनी तिथे पाहिले. पंचाहत्तरच्या आसपास ते मुंबईला आले ते मेंडोलिन घेऊन. सज्जाद हुसेन यांचे वादन रेडिओवर ऐकून त्यांना हे वेड लागले होते. परदेशी, पडदे असलेल्या, जोडतारांच्या वाद्यातून हिंदुस्थानी मींड काढणारा तो माणूस. ‘संगदिल’ (१९५२) आणि ‘रुस्तम सोहराब’ (१९६३) या चित्रपटांचे संगीतकार म्हणून लोक त्यांना ओळखतात, अब्बा मात्र त्यांना केवळ ‘मेंडोलिनवाले सज्जाद साहब’ म्हणतात.

अब्बांनी काही वर्षे ऑर्केस्ट्रात वाजवले. मग लग्न, मुले आणि पोटाचा प्रश्न. ते क्रॉफर्ड मार्केटकडच्या फळांच्या एका गाळ्यावर मेहताजी म्हणून लागले. नव्वदच्या दशकात फळबाजार तुर्भ्याला आला तेव्हा त्याच्यामागून आम्हीही आलो. मेंडोलिन कपाटावर राहिले. ईदच्या दिवशी खाली यायचे.

२०१२ साली मला बी. एड. ला प्रवेश मिळाला आणि फीचे पैसे कमी पडले. अब्बांनी मेंडोलिन खाली काढले, फडक्याने पुसले आणि मला बरोबर घेऊन मुंबईतल्या एका वाद्यांच्या दुकानात गेले. दुकानदाराने ते हातात घेतले, उलटे केले, एकच तार छेडली. “चाचा, ह्यात काय राहिलंय? लाकूड गेलंय. आता कीबोर्डचा जमाना आहे. तुम्ही आलात म्हणून अडीच हजार देतो.” अब्बांनी हुज्जत घातली नाही. आयुष्यभर दुसऱ्याच्या आंब्याचा भाव लिहिणारा माणूस स्वतःच्या वस्तूचा भाव मागताना मुका झाला. दोन महिन्यांनी त्याच रस्त्याने जाताना मला ते काचेत दिसले. नवी तार, थोडे पॉलिश आणि अकरा हजारांची चिठ्ठी. मी अब्बांना सांगितले नाही. त्यांनी ते आपणहून पाहिले असावे, कारण त्या रस्त्याने जाणे त्यांनी बंद केले.

आता मी विचार करते, तो दुकानदार खोटे बोलला का? ‘लाकूड गेलंय’ हे खोटे होते. पण समजा तो एवढेही बोलला नसता, नुसते अडीच हजार म्हणून गप्प बसला असता, तर?

मी कमावती झाल्यावर अब्बांना मेंडोलिन घेऊन द्यायचे ठरवले आणि ग्राहक म्हणून शिकत गेले. मेंडोलिनला आठ पोलादी तारा असतात, चार जोड्या, व्हायोलिनसारख्या लावलेल्या. त्या सगळ्यांचा मिळून ताण साठ-सत्तर किलोंच्या घरात जातो. एक धडधाकट माणूस त्या इवल्याशा पेटीवर दिवसरात्र उभा आहे असे समजा. म्हणून पन्नास-साठ वर्षांत वरची फळी खचते, मान वाकते, घोडी बुडते. जाहिरातीतले फोटो नेहमी समोरून काढलेले असतात, कारण समोरून वाद्य सुंदर दिसते आणि मानेचा बाक बाजूनेच दिसतो. तेव्हा पहिला नियम, बाजूचा फोटो मागायचा. देत नसेल तर उत्तर मिळाले असे समजायचे. पॉलिश नवे असेल तर मोल वाढत नाही, उलट घटते, कारण त्याखाली काय दडवले हे कळत नाही. वरची फळी सलग लाकडाची की प्लायची, हे ध्वनिछिद्राच्या कडेला दिसते. तिथे थर दिसले की प्लाय. भोपळ्यासारख्या फुगीर पाठीची जुनी वाद्ये दिसायला राजेशाही असतात. शिंपल्यांची नक्षी पाहून माणूस भुलतो. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इटलीत आणि अमेरिकेत ती इतकी बनली की आजही ढिगाने मिळतात आणि बहुतेकांची किंमत मामुलीच असते. जुने म्हणजे दुर्मिळ नव्हे, आणि दुर्मिळ म्हणजे चांगले नव्हे, एवढे कळायला मला वर्ष लागले.

काही दावे तर वाद्यच खोडून काढते. एकाने ‘१९१० चे गिब्सन’ म्हणून फोटो पाठवले. अमेरिकेतल्या कलामाझू गावी १९०२ साली निघालेली ही कंपनी. तिने मानेच्या आत लोखंडी सळई घालायला सुरुवात केली ती १९२२ च्या सुमारास. फोटोतल्या वाद्याच्या डोक्यावर त्या सळईचे झाकण स्वच्छ दिसत होते. दुसऱ्याच्या ‘१९२० च्या अस्सल’ वाद्याचे खुंट्यांचे स्क्रू चौफुलीच्या खाचेचे होते. तसले स्क्रू बाजारात आले ते १९३० नंतर. कदाचित खुंट्या मागाहून बदलल्या असतील, पण मग ‘अस्सल’ म्हणू नये. आणि शाहरुख खानचा १९९५ चा चित्रपट आल्यापासून आपल्याकडचे निम्मे विक्रेते कोणतेही मेंडोलिन ‘दिलवाले दुल्हनियावाले’ म्हणून विकतात. त्यात खोटे काय, खरे काय, अल्लाह जाणे.

एवढे शिकूनही मी फसले. सुरुवातीची ‘ओरिजिनल जर्मन, १९६०’ ही जाहिरात मीच खरी मानली आणि साडेनऊ हजार मोजले. घरी खोके उघडले. छिद्राच्या कडेला प्लायचे तीन थर होते. आपल्याच देशातल्या कुठल्यातरी कारखान्यातले, फार तर पंधरा वर्षांचे वाद्य. विकणाऱ्याला फोन केला तर तो शांतपणे म्हणाला, “मॅडम, मला ज्याने दिलं त्याने जर्मन सांगितलं, मी तुम्हाला सांगितलं. माझं मी काही वाढवलं नाही.” मला राग आला, पण त्याचे म्हणणे विचार करण्यासारखे होते. आमच्याकडे हदीसच्या शास्त्रात रिवायत तपासण्याची शिस्त आहे. हे कोणी सांगितले, त्याला कोणी, त्याला कोणी, ही साखळी अखंड हवी. मधली एक कडी तुटली तरी रिवायत कमजोर ठरते आणि ती कमजोर म्हणूनच सांगावी लागते. त्या माणसाने ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणून न सांगता आपल्या तोंडची केली. त्याचे खोटे एवढेच होते, पण ते साडेनऊ हजारांचे होते.

अब्बांनी ते प्लायचे वाद्य मांडीवर घेतले, तासभर तारा लावल्या आणि म्हणाले, “लकडी कू पूछ बेटा, मालिक कू नको पूछ.”

ही झाली फसलेल्या ग्राहकाची गोष्ट. तिच्याबद्दल जगात भरपूर लिहिले गेले आहे. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. गाडीतली खोट विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला नाही. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना कमी भाव देतो, म्हणून चांगल्या गाडीचा मालक बाजारात येतच नाही, आणि उरते ती खटारा. या विचाराबद्दल त्यांना २००१ साली, दोघा सहकाऱ्यांसह, नोबेल मिळाले. आमच्या तुर्भ्याच्या फळबाजारात हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. हापूसच्या पेटीत वरचा थर पाहून भाव देणारा गिऱ्हाईक खालच्या थरावर रडतो, आणि पुढच्या वेळी खऱ्या देवगडवाल्यालाही कमी देतो. कोकणच्या हापूसला २०१८ साली मानांकन मिळाले तरी दुसऱ्या मुलखातला आंबा देवगड म्हणून विकायचे थांबलेले नाही. हजरत मुहम्मद पैगंबर (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला आणि बोटांना ओल लागली, तेव्हा त्यांनी व्यापाऱ्याला विचारले की भिजलेले धान्य वर का ठेवले नाहीस? हा प्रसंग आम्ही शाळेत शिकवतो. पेटीच्या खालच्या थराचाच तो प्रश्न आहे.

पण त्याच बाजारात अब्बांनी मला दुसरी गोष्टही दाखवली होती, मी लहान असताना. दोन व्यापारी समोरासमोर उभे राहतात, हातांवर रुमाल टाकतात आणि रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबतात. याला हत्ता म्हणतात. भाव बोटांनी सांगितला जातो, बोटांनीच पाडला जातो. शेजारी उभ्या असलेल्याला काही कळत नाही. ज्याचा माल असतो तो शेतकरी तर रत्नागिरीला नाहीतर देवगडला असतो. कायद्याला उघड लिलाव अभिप्रेत आहे, तरी रुमाल टिकून राहिला. मी अब्बांना विचारले होते, “ज्याचे आंबे त्यालाच भाव का नाही कळत?” त्यांनी उत्तर दिले नाही. ते त्या गाळ्याचे नोकर होते.

खरे तर बाजार समित्या निघाल्या त्या याच प्रश्नातून. वऱ्हाडात १८९७ साली कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला, पुढे महाराष्ट्राचा १९६३ चा कायदा आला. शेतकऱ्याला भाव ठाऊक नसतो आणि घेणाऱ्याला असतो, म्हणून दोघांनी चारचौघांत, वजनकाट्यासमोर यावे, हा त्यांमागचा विचार. तो विचार त्याहून कितीतरी जुना आहे. अरबस्तानात खेड्यांतून माल घेऊन काफिले शहराकडे येत. चलाख व्यापारी शहराबाहेरच त्यांना गाठून, बाजारभाव कळायच्या आत माल उचलत. पैगंबरांनी (स.) याला मनाई केली आणि असा सौदा झालाच तर बाजारात पोचल्यावर तो मोडण्याचा हक्क मालवाल्याला दिला. लक्षात घ्या, इथे कोणी खोटे बोललेले नाही. घेणारा फक्त रस्त्यात उभा राहिला आणि गप्प राहिला.

आपला आजचा कायदा मात्र या मौनाला फारसा दोष देत नाही. १८७२ च्या करार कायद्याचे सतरावे कलम फसवणुकीची व्याख्या करते आणि स्पष्टीकरणात सांगते की, बोलणे हे कर्तव्यच असेल अशी परिस्थिती सोडली, तर नुसते गप्प राहणे म्हणजे फसवणूक नव्हे. खाली उदाहरणे दिली आहेत. एकजण लिलावात घोडा विकतो, घोडा सदोष आहे हे त्याला ठाऊक आहे, तो बोलत नाही. ही फसवणूक नाही. पण घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल तर नात्यामुळे सांगणे त्याचे कर्तव्य होते. दोघेही व्यापारी असतील आणि एकाला भावातल्या बदलाची खासगी बातमी असेल, तर ती दुसऱ्याला सांगायला तो बांधील नाही. मुलीला सांगावे लागते, परक्याला नाही. मला हे वाचून त्या कायद्याच्या सरळपणाचे कौतुक वाटले आणि वाईटही.

घोड्याचीच दुसरी गोष्ट आमच्याकडे आहे. हजरत जरीर बिन अब्दुल्लाह यांच्या माणसाने त्यांच्यासाठी तीनशे दिरहमना घोडा ठरवला. जरीर मालकाला म्हणाले, तुझा घोडा याहून चांगला आहे, चारशेला देतोस? मग पाचशेला? असे करत ते आठशेपर्यंत स्वतःच चढले आणि आठशे मोजले. लोकांचे भले चिंतण्याची बैअत त्यांनी पैगंबरांजवळ (स.) केली होती, तिचा अर्थ त्यांनी असा लावला. आणि ही केवळ आमच्या धर्मातली गोष्ट आहे असे कोणी समजू नये. रोमचा सिसेरो आपल्या मुलासाठी लिहिलेल्या कर्तव्यावरच्या ग्रंथात स्केव्होला नावाच्या गृहस्थाची हकिकत सांगतो. त्याने जमिनीचा भाव विचारला, मालकाने सांगितला, आणि हा म्हणाला की माझ्या मते ती जास्त मोलाची आहे, असे म्हणून त्याने वर एक लाख नाणी दिली. सिसेरो पुढे जे लिहितो ते मला फार आवडते. हे भल्या माणसाचे कृत्य होते हे सगळे मान्य करत, पण शहाण्या माणसाचे होते हे मान्य करत नसत.

आमच्या स्टाफरूममध्ये मी हा विषय काढला तेव्हा विज्ञान शिकवणाऱ्या आमच्या सर शहाण्या माणसांच्या बाजूने बोलले. “मॅडम, तुम्ही दोन वर्षं रात्री जागून हे शिकलात. ती मेहनत नाही का? माहिती ही पण कमाई आहे. भंगारवाला ढिगाऱ्यातून तांबं ओळखतो म्हणून त्याचं घर चालतं. त्याने प्रत्येक घरी जाऊन सांगावं का, बाई, ही तार तांब्याची आहे म्हणून?” हा मुद्दा मी उडवून लावू शकत नाही. भंगारवाल्याच्या जाणतेपणाला मोल आहे. तो दारात येतो, ओझे उचलतो, धोका पत्करतो. भावात त्याचा हिस्सा असायलाच हवा. पण अडीच हजार आणि अकरा हजार यांमधला सगळा फरक हा जाणतेपणाचाच हिस्सा असतो का? दोन व्यापारी रुमालाखाली बोटे दाबतात तेव्हा दोघांनाही बोटांची भाषा येते. ज्याला ती येत नाही त्याचा हात रुमालाखाली घेणे ही वेगळी गोष्ट आहे, एवढेच मी सरांना म्हणाले. ते हसले, तास झाला होता.

आणखी एक अडचण मला नंतर सुचली. वस्तूचे खरे मोल असे काही असते का? अमेरिकन वादक बिल मनरो याने चाळीसच्या दशकात फ्लोरिडात एका न्हाव्याच्या दुकानात मांडलेले गिब्सनचे मेंडोलिन दीडशे डॉलरला घेतले. त्यावर लॉइड लोर या रचनाकाराची ९ जुलै १९२३ ची सही होती. आज लोरच्या सहीची तसली वाद्ये लाखाहून अधिक डॉलरला जातात आणि मनरोचे ते वाद्य संग्रहालयात आहे. त्या न्हाव्याच्या दुकानातल्या विक्रेत्याला मनरोने फसवले का? मुळीच नाही. तेव्हा ते जुने, फारसे न खपलेले वाद्य होते. मनरोने पन्नास वर्षे ते वाजवले म्हणून लोक तसल्या वाद्यांमागे धावले. मोल वाजवण्यातून आले. म्हणजे घेणाऱ्याला ठाऊक नसलेल्या भविष्याचा हिशेब त्याच्याकडे मागता येत नाही. हिशेब मागायचा तो आज ठाऊक असलेल्या गोष्टीचा.

इथवर सगळे सोपे होते, कारण मी दुसऱ्यांबद्दल बोलत होते.

गेल्या पावसाळ्यात वसईच्या एका मुलाने फोटो टाकले. ‘आठ तारांचा जुना छोटा गिटार, आजोबांचा, ३,५०० रुपये.’ मी फोटो मोठा करून पाहिला आणि झोप उडाली. अंडाकृती छिद्र, कोरून घुमटासारखी केलेली वरची फळी, भोपळ्याच्या रंगाचे जुने पॉलिश जागोजागी तडकलेले. डोक्यावर नाव नव्हते, पण गिब्सनच्या सर्वात साध्या प्रकारावर नाव नसे हे मी वाचले होते. आतला कागद तपकिरी पडलेला, एकही अक्षर लागत नव्हते. ते वाद्य तेच असेल तर सुस्थितीत त्याला अमेरिकेत हजार डॉलरच्या आसपास मिळतात. असेल तर. नसेलही.

मी काय केले ते जसे घडले तसे सांगते. मी त्याला लिहिले, “शेवटचे किती?” तो म्हणाला, तीन हजार. मी लिहिले, “रविवारी येते.” म्हणजे जो माणूस चाचा म्हणून अब्बांशी बोलला होता, त्याच्यापेक्षा मी पाचशे रुपयांनी उदार होते. दोन दिवस मी कोणालाच बोलले नाही. मनात हिशेब तयार होते. ती वस्तू व्यापारासाठी नाही, अब्बांसाठी आहे. आपण कुठे विकणार आहोत? अब्बांचे गेले ते अल्लाहने परत दिले. माणूस स्वतःशी किती सफाईने वकिली करतो!

रविवारी ठाण्याहून घोडबंदरच्या बसने आम्ही वसईला गेलो. ख्रिस्ती कुटुंब होते, विहीर-केळी असलेले जुने घर, दार उघडायला एक ऐंशीच्या आजी आल्या. नातू कंपनीत नोकरीला, घर पाडून इमारत व्हायची होती म्हणून सामान काढत होता. मी शिक्षिका आहे कळल्यावर तो मला ‘टीचर’ म्हणू लागला. अब्बांनी वाद्य घेतले, चार तारा गंजून तुटलेल्या होत्या, उरलेल्यांवर एक धून काढली. त्यांचे बोट थरथरले. त्यांनी वाद्य कानाशी धरून पाठीवर टिचकी मारली, मिरजेत भोपळ्यावर मारत तशी. आजी म्हणाल्या, “आमच्या घरच्यांनी हे बोटीवर असताना घेतलं होतं. लग्नात वाजवायचे. चांगलं आहे का हो?”

हा साधा प्रश्न होता. माझ्याकडे पाहून विचारलेला. करार कायद्याच्या त्याच कलमात असे आहे की, घेणारा जर म्हणाला, तू नाकारले नाहीस तर मी घोडा निर्दोष समजेन, तर मग मौन हे बोलण्याइतकेच असते. आजी विकणाऱ्या होत्या आणि मी घेणारी, पण मौन तेच होते. अब्बा माझ्याकडे पाहत होते. त्यांना किमतीची कल्पना नव्हती, मी सांगितलीच नव्हती. पण मेहताजीची नजर होती ती, समोरच्याच्या बोटांचा अंदाज घेणारी.

मी सांगितले. हे कदाचित जुने अमेरिकन वाद्य असेल, तसे असेल तर लाखाच्या आसपास जाईल. मला खात्री नाही, मी जाणकार नाही, कोणा माहितगार कारागिराला दाखवा. आणि नसेल तर आम्हाला द्या. नातवाने आधी माझ्याकडे संशयाने पाहिले. ग्राहक भाव वाढवून सांगतो यात काहीतरी डाव असणार असे त्याला वाटले असावे. मग तो म्हणाला, “टीचर, मी जरा विचारून सांगतो.” आजींनी आम्हाला चहा दिला आणि निघताना अब्बांच्या हातात केळ्यांचा घड दिला.

परतीच्या बसमध्ये अब्बा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “कितने का था सच में?” मी आकडा सांगितला. ते म्हणाले, “और तू तीन हजार लेको आई थी.” माझ्याकडे उत्तर नव्हते.

पंधरा दिवसांनी तीच जाहिरात पुन्हा दिसली. ‘१९२० चे अस्सल गिब्सन. तज्ज्ञाने तपासलेले. ९५,००० रुपये. फिक्स.’ फोटो तेच. मी बराच वेळ तो ‘तज्ज्ञ’ शब्द पाहत बसले, मग लक्षात आले की ती मी. माझे ‘कदाचित’ वाटेत गळून पडले होते, ‘मला खात्री नाही’ गळून पडले होते, आणि १९२० हा आकडा तर मी उच्चारलाही नव्हता. रिवायतीची तुटलेली कडी आता मीच झाले होते. उद्या कोणी नागपूरचा, कोणी पुण्याचा माणूस पंचाण्णव हजार मोजेल आणि आत प्लाय नसली तरी ते वाद्य गिब्सन नसेल, तर त्याच्या फसवणुकीत माझा वाटा किती?

मी त्या मुलाला लिहिले की ‘तज्ज्ञाने तपासलेले’ हे काढ, मी तज्ज्ञ नाही, आणि सालही काढ. त्याने लगेच उत्तर दिले, “ओके टीचर.” दुसऱ्या दिवशी जाहिरात बदलली होती. ‘अस्सल गिब्सन. टीचरने तपासलेले.’ मी पुन्हा लिहिले. या खेपेला उत्तर आले नाही.

जाहिरात अजून आहे. भाव साठ हजारांवर उतरला आहे. जुम्म्याची नमाज पढून आले की अब्बा विचारतात, “बिका क्या?” मी नाही म्हणते. मग ते कपाटावरून ते प्लायचे ‘जर्मन’ खाली काढतात आणि तारा लावायला बसतात. त्याची तिसरी जोडी नीट लागत नाही, घोडी सरकते. परवा त्यांनी तिच्याखाली पुठ्ठ्याचा बारीक तुकडा घातला, हापूसच्या पेटीचा.